कंसातले वाक्य

पत्राचा सारांश : पत्रलेखक २६ वर्षांचे असून निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार कुटुंबातील आहेत. नाशिकमध्येच अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून गेली साडेतीन वर्षे ते अंबड भागातील एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतात आणि इंदिरानगरमध्ये दोन मित्रांसोबत भाड्याच्या घरात राहतात. कंपनी कारखान्यांसाठी स्टोअर, खरेदी आणि चलने यांचे सॉफ्टवेअर तयार करते. जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून लिहिलेल्या त्यातील जुन्या भागाची देखभाल यांच्याकडे आहे. बरोबरीचे मित्र हिंजवडीला आणि बंगळूरला गेले, त्यांचे पगार दुप्पट झाले आणि आपण मात्र ‘दुसऱ्यांच्या चुका निस्तरत’ मागे राहिलो, असे त्यांना वाटते. स्वतःला सुधारण्यासाठी त्यांनी पहाटे पाचचा गजर, व्यायाम, इंग्रजी, डीएसएची (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) कोडी आणि विकत घेतलेले सात ऑनलाइन कोर्स यांचे वेळापत्रक एक्सेलमध्ये आखले. तीन महिन्यांत ते चार वेळा मोडले. छाटणीच्या दिवसांत शनिवार-रविवार गावी जावे लागते आणि तेवढे दिवस ‘वाया जातात’. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आपले काम राहील की नाही, ही धास्ती वेगळीच. ‘मला शिस्त कशी लागेल? नोकरी सोडून सहा महिने पूर्ण वेळ तयारी करू का, की सरळ पुण्याला जाऊ?’ असा त्यांचा प्रश्न आहे. पत्रात एके ठिकाणी, कंसात, ते लिहितात : (महिनाअखेरीला स्टॉकचा रिपोर्ट हँग होतो तेव्हा मात्र सगळे मलाच हाका मारतात, मी सर्व्हर रीस्टार्ट करून देतो.)

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात तुमच्या एक्सेलमधील रकाने लक्षात राहिले; दुसऱ्या वाचनात मी त्या कंसापाशी अडखळले आणि तिथेच थांबले. तुम्ही काय काय करत नाही याची यादी तुमच्या पत्रात लांबलचक आहे, आणि तुम्ही प्रत्यक्षात जे करता ते मात्र दीड ओळीत, कंसात उरकले आहे. जे आपण किरकोळ समजतो ते आपण कंसात टाकतो. कंस चुकीच्या जागी पडला की पुढचे सगळे कसे बिघडते, हे तुमच्या व्यवसायातील माणसाला मी सांगायला नको. तुमच्या पत्रातही तसेच काहीसे झाले आहे. म्हणून या उत्तराचा बराचसा भाग त्या कंसाविषयीच असणार आहे. नोकरी आणि पुणे यांच्याकडे मी नंतर वळेन.

आधी शिस्तीचे पाहू. आपल्याला शिस्त नाही हे तुम्ही गृहीत धरले आहे आणि पुरावा म्हणून चार वेळा मोडलेले वेळापत्रक समोर ठेवले आहे. पण त्याच पत्रात तुम्ही लिहिता की महिनाअखेरीला रात्री दहापर्यंत थांबावे लागते, आणि त्याबद्दल तुमची तक्रार नाही. ऑक्टोबरच्या छाटणीला गावी गेल्यावर उजाडताना तुम्ही मजुरांसोबत बागेत उभे असता. तेथे गजर लावल्याचा उल्लेख नाही. म्हणजे तोच माणूस एके ठिकाणी उठतो आणि दुसऱ्या ठिकाणी उठत नाही. याचा अर्थ मी असा लावते की जेथे कोणी तुमची वाट पाहत असते, मग ती छाटणीला आलेली टोळी असो किंवा रिपोर्टसाठी खोळंबलेले कारखान्यातील स्टोअरकीपर असोत, तेथे तुम्हाला शिस्त शिकवावी लागत नाही. तुमच्या सात कोर्सची मात्र कोणीच वाट पाहत नाही. त्यातला एखादा अर्धवट राहिला तर एका माणसाचाही खोळंबा होत नाही, आणि ही गोष्ट तुमच्या मनाला तुमच्याआधी कळलेली आहे.

पहाटे पाचच्या गजराविषयी एवढेच म्हणेन की रात्री एक वाजेपर्यंत फोनवर इतरांच्या दिनचर्येचे व्हिडिओ पाहून पाचला उठता येत नाही, हा शिस्तीचा नव्हे, बेरीज-वजाबाकीचा प्रश्न आहे. गजर सातचा लावा आणि रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवा. या विषयावर याहून अधिक लिहिण्यासारखे मला काही दिसत नाही.

कोर्स वाईट असतात असे माझे म्हणणे नाही. अडचण अशी की कोर्स उत्तरे देतो, आणि ती बहुतेक वेळा आपल्याला न पडलेल्या प्रश्नांची असतात. मी या व्यवसायात नवीन होते तेव्हा पंचवटी एक्स्प्रेसने पासवाल्यांच्या गर्दीतून मुंबईला ये-जा करत असे आणि पिशवीत एक जाडजूड पुस्तक असे. कसारा घाटात गाडी रेंगाळली की मी दोन पाने अधिक वाचत असे आणि आपण प्रगती करत आहोत असे समजत असे. पुढे माझ्याकडे पगारपत्रकाचा एक प्रोग्रॅम आला. कपातींची बेरीज आणि बँकेला जाणारी एकूण रक्कम यांत काही पैशांचा फरक पडत होता. कधी पडे, कधी पडत नसे. तीन दिवस मी त्यामागे होते. दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेले की जसे ०.३३३ करत कधीच संपत नाही, तसे संगणकाच्या द्विमान पद्धतीत ०.१ सुद्धा नेमके लिहिता येत नाही. म्हणून अपूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकारात पैसे साठवले की कोठे तरी कणभर फरक उरतो आणि हजारो नोंदींत तो वर येतो. पैसे पूर्णांकात, म्हणजे पैशांतच मोजावेत, किंवा तुमच्या जावात आहे तसा बिगडेसिमलसारखा प्रकार वापरावा, हे मला त्या तीन दिवसांत कळले ते आजतागायत विसरले नाही. गंमत अशी की हा सगळा मजकूर त्या जाडजूड पुस्तकात होता. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघही मारलेली होती.

आता तुमच्या कंसाकडे येऊ. सर्व्हर रीस्टार्ट केल्याने रिपोर्ट दुरुस्त होत नाही. अडकलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, मरते, तिच्यामागे तुंबलेली जोडण्यांची रांग मोकळी होते आणि पुढच्या महिनाअखेरीपर्यंत सर्वांना हायसे वाटते. साडेतीन वर्षांत असे किती महिने गेले हे तुम्हीच मोजा. तुमच्या रिपोर्टचे नेमके दुखणे तपासल्याशिवाय कोणालाही सांगता येणार नाही; परंतु तुमच्या जागी मी असते तर कोठे कोठे पाहिले असते ते सांगते, कारण त्यातूनच तुमच्या लक्षात येईल की ज्याला तुम्ही ‘निस्तरणे’ म्हणता त्यात शिकण्यासारखे किती आहे.

पहिल्यांदा मी पाहिले असते की हा रिपोर्ट शिल्लक काढतो कशी. जुन्या स्टोअर-सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा असे आढळते की प्रत्येक वस्तूची आजची शिल्लक काढण्यासाठी प्रोग्रॅम पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या आवक-जावक नोंदींची बेरीज करत बसतो. सॉफ्टवेअर नवे असताना हे चालून जाते. नोंदी वाढत जातात तसा रिपोर्ट दरमहा थोडा थोडा जड होतो आणि एके दिवशी बसतो. आपल्याकडे किराणा दुकानदारसुद्धा वहीचे पान उलटताना मागील बाकी पुढे ओढतो, त्याला कोणी अल्गोरिदम शिकवलेला नसतो. महिन्याची अखेरची शिल्लक वेगळ्या टेबलमध्ये साठवून पुढच्या महिन्याची बेरीज तेथून सुरू करणे, हा त्याच ‘मागील बाकी’चा प्रकार आहे. मात्र मागच्या महिन्यातली नोंद कोणी उशिरा दुरुस्त केली तर साठवलेली शिल्लक खोटी ठरते, तिचे काय करायचे, हा खरा अवघड प्रश्न त्यातून उभा राहतो आणि तो सोडवताना तुम्ही जे शिकाल ते कोड्यांच्या कोणत्याही यादीत नाही.

त्यानंतर क्वेरीच्या आधी एक्स्प्लेन लिहून डेटाबेस ती कशी चालवणार आहे ते पाहिले असते. पूर्ण टेबल धुंडाळले जात असेल तर इंडेक्सचा, म्हणजे नोंदी पटकन सापडाव्यात म्हणून ठेवलेल्या सूचीचा, विचार करावा लागेल, आणि इंडेक्समध्ये रकान्यांचा क्रम कोणता, हेही पाहावे लागेल. जुन्या वाचनालयात लेखकाच्या नावाने आणि त्याखाली पुस्तकाच्या नावाने लावलेली कार्डे असत. तुम्हाला फक्त पुस्तकाचे नाव ठाऊक असेल तर तो सुबक कप्पा काही उपयोगाचा नसे. वस्तू आधी आणि तारीख नंतर, की तारीख आधी आणि वस्तू नंतर, यातला फरक तसाच आहे. टेबलचा प्रकार कोणता हेही तपासा. मायएसक्यूएलच्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हा प्रकार आपोआप निवडला जाऊ लागला. त्याआधी तयार झालेली टेबले कित्येकदा अजून मायआयएसएएम प्रकारात राहिलेली असतात, आणि त्यात लांबलेला रिपोर्ट वाचन करत असताना त्या टेबलवर लिहू पाहणारे बहुधा ताटकळत बसतात. तुमच्याकडे एक रिपोर्ट अडकला की चलनाची नोंदसुद्धा थांबते का? थांबत असेल तर शोध येथून सुरू करता येईल. शेवटी जावाचा कोड पाहिला असता : वस्तूंची यादी एका क्वेरीने आणून मग प्रत्येक वस्तूसाठी स्वतंत्र क्वेरी जात असेल, तर आठ हजार वस्तूंसाठी आठ हजार एक फेऱ्या होतात. हायबरनेट, म्हणजे जावासाठी क्वेरी आपोआप तयार करणारे साधन, वापरणाऱ्यांकडून हे नकळत फार होते.

आणि या सगळ्याच्या आधी, खरे तर, मी अंबडच्या किंवा सातपूरच्या त्या कारखान्यात जाऊन स्टोअरमध्ये तासभर बसले असते. ते हा रिपोर्ट शेवटच्या संध्याकाळीच का काढतात? सर्व वस्तूंचा का काढतात? बहुतेक स्टोअरमध्ये वस्तूंची ए, बी, सी अशी वर्गवारी असते. मूल्याने मोठ्या अशा थोड्या वस्तूंवर रोज लक्ष असते आणि नट-बोल्टांकडे सहा महिन्यांतून पाहिले जाते. कदाचित त्यांना पन्नास ओळी हव्या असतील आणि तुमचे सॉफ्टवेअर त्यांना आठ हजार ओळी देत असेल. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) उशिरा का होतो, जॉबवर्कला, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला, गेलेला माल कागदावर कोणाच्या नावे असतो, चलन आणि बिल यांच्या तारखा का जुळत नाहीत, ही माहिती ज्याला आहे आणि ज्याला जावाही येते, असे लोक फारसे नसतात. नाशिकमध्ये राहून तुम्ही त्यातले एक होऊ शकता. हिंजवडीतल्या तुमच्या मित्राला सातपूरच्या स्टोअरमध्ये जाऊन बसण्याची सोय नाही.

देखभालीचे काम कमी प्रतीचे, ही समजूत तुमच्या एकट्याची नाही, या क्षेत्रात ती सर्वत्र आहे आणि मला ती कधीच पटलेली नाही. नवे लिहिणाऱ्याला आपल्या निर्णयांचे परिणाम पाहायला क्वचितच मिळतात, कारण तोपर्यंत तो दुसऱ्या प्रकल्पावर गेलेला असतो. परिणाम पाहायला मिळतात देखभाल करणाऱ्याला. मात्र एक गोष्ट तुमच्या बाजूने मान्य केली पाहिजे : जो साडेतीन वर्षे फक्त रीस्टार्ट करत राहतो, त्याने देखभाल केली असे म्हणता येत नाही. तुमची अस्वस्थता खरी आहे. तिचे कारण तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधत आहात.

‘वाया जाणाऱ्या’ शनिवार-रविवारविषयी लिहू की नको, असा विचार करत होते. निफाडच्या बागायतदाराच्या मुलाला द्राक्षांबद्दल सांगणे हा माझा आगाऊपणाच. तरी लिहिते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीला फळ येत नाही; फुटवे येतात, काड्या वाढतात आणि बाहेरच्याला वाटते की बाग रिकामी आहे. पण पुढे ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर जो घड दिसतो त्याची सुरुवात त्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे जेथून फूट निघते तेथे, उन्हाळ्यातच झालेली असते. म्हणून अनेक बागायतदार गोडी छाटणीच्या आधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेतात आणि घड कितव्या डोळ्यात आहे ते पाहून मगच कात्री कोठे लावायची ते ठरवतात. घड धरल्यावरही सगळे ठेवत नाहीत, वेलीला झेपतील तेवढेच ठेवून बाकीचे काढतात. तुमच्या एक्सेलमध्ये सात कोर्स, इंग्रजी, व्यायाम आणि कोडी असे दहा घड एका काडीवर आहेत. तुमच्या वडिलांनी असे कधी ठेवले असते का? हा हिशेब तुमच्या घरात पिढीजात चालतो, आणि तुम्ही तो शिकायला रात्री एक वाजता अनोळखी माणसांचे व्हिडिओ पाहता.

विरळणी करायची तर ठेवायचे काय? माझे मत असे की पुढचे सहा महिने डेटाबेस हा एकच विषय ठेवा, कारण तुमच्या रिपोर्टचे दुखणे बहुधा तेथेच आहे. आणखी एक कारण आहे. माहिती टेबलांत मांडण्याच्या ज्या संबंधात्मक (रिलेशनल) पद्धतीवर तुमचे मायएसक्यूएल उभे आहे तिचा पाया एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. एसक्यूएल ही भाषा १९७० च्याच दशकातली. जावा १९९५ ची, कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे गिट २००५ चे. याउलट २०१० साली आलेल्या अँग्युलरजेएस या वेबपाने बनवण्याच्या साधनामागे माझ्या ओळखीच्या अनेकांनी रात्री जागवल्या आणि २०२१ च्या अखेरीस त्याचा अधिकृत आधारही संपला. नवे शिकूच नये असा याचा अर्थ नाही. पण ज्याच्याकडे रोजचा एकच तास आहे, त्याने तो आधी पन्नास वर्षे टिकलेल्या गोष्टीत घालावा. सात कोर्समध्ये डेटाबेसचा एखादा असेल तर तो ठेवा, आणि तोही पहिल्या भागापासून पाहत न बसता रिपोर्टमध्ये अडेल तेव्हा नेमका तेवढा भाग पाहा. उरलेल्या सहांचे पैसे गेले असे समजा. ते तसेही गेलेले आहेत.

रोजच्या कामातली एक सवय मात्र मी आग्रहाने सुचवेन. कोणतीही चूक सापडली आणि सुटली की एका पानावर लिहून ठेवा : काय दिसत होते, आधी काय वाटले, ते कसे चुकीचे निघाले, खरे कारण काय होते, आणि बदलाआधी व नंतर किती सेकंद लागत होते. आधी मराठीत लिहा, मग त्याच पानाचे इंग्रजी करा. इंग्रजीचा वेगळा रकाना मग लागणार नाही, कारण मीटिंगमध्ये तुमची जीभ अडते ती व्याकरणापायी कमी आणि सांगायचा मुद्दा मनात मांडलेला नसतो म्हणून अधिक. ग्राहकाचे नाव आणि कंपनीचा कोड त्यात येऊ देऊ नका. अशी दहा-बारा पाने झाली की मुलाखतीत ‘तुम्ही काय काम केले?’ या प्रश्नाला तुमच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट असेल. मुलाखती घेण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. प्रमाणपत्रांची थप्पी घेऊन येणारे पुष्कळ भेटतात, आपण कोठे चुकलो होतो हे नीट सांगणारे फार थोडे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती मी उडवून लावणार नाही. ठरावीक साच्याचा कोड लिहिण्याचे काम ही साधने आज झपाट्याने करतात आणि फक्त तेवढेच येणाऱ्याची चिंता रास्त आहे. पण सातपूरच्या स्टोअरकीपरला नेमके काय हवे आहे, हे त्या साधनाला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि तुम्ही ते सांगू शकाल की नाही हे तुम्ही तेथे जाऊन बसला होता की नाही यावर ठरते. वापरताना एक पथ्य पाळा : विचारण्याआधी आपला अंदाज तीन ओळींत लिहा, मग विचारा, आणि आलेले उत्तर एक्स्प्लेन व चाचणीच्या डेटावर ताडून पाहा. आधी विचारून मग समजून घेऊ असे ठरवले की समजून घेणे राहूनच जाते. मी माझ्यावरच हे पाहिले आहे. कंपनीचा कोड किंवा ग्राहकाचा डेटा परवानगीशिवाय तेथे चिकटवू नये, हे सांगायला नको, पण सांगते.

आता तुमचे दोन पर्याय. नोकरी सोडून सहा महिने तयारी करण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. पैशांचा भाग सोडला तरी, ज्याचे वेळापत्रक नोकरीच्या दोन्ही बाजूंना उरलेल्या तीन तासांत मोडते, त्याला चौदा तासांचा रिकामा दिवस दिल्याने ते सुधारत नाही. त्या दिवसात तर कोणीच तुमची वाट पाहत नसेल. पगार थकत असेल, तब्येत ढासळत असेल, तर गोष्ट निराळी. तसे काही तुम्ही लिहिलेले नाही.

पुण्याचे तसे नाही. नाशिकहून पुणे सुमारे २१० किलोमीटर आहे आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला मी अडवत नाही. मित्रांच्या दुप्पट पगारातून हिंजवडीचे घरभाडे आणि जेवणखाण वजा करून मग तुलना करावी हे खरे. पण त्यानंतरही फरक उरतो, आणि घरी बागेचे कर्ज असेल तर तो फरक क्षुल्लक नसतो. तरीही पगारापेक्षा मोठे कारण शोधण्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारा : गेल्या सहा महिन्यांत माझ्या कोडमधील चूक माझ्यापेक्षा जाणत्या माणसाने मला किती वेळा दाखवली? उत्तर ‘एकदाही नाही’ असे असेल, तर तुम्ही ज्या कंपनीत आहात तेथे तुमच्या वर कोणी उरलेले नाही, आणि मग जाणे योग्यच. माझ्या आयुष्यातले सर्वांत जास्त शिकवणारे वर्ष मुंबईत एका अतिशय कडक वरिष्ठांच्या हाताखाली गेले. त्यांच्या लाल शेऱ्यांनी मी दोनदा रडले होते. एवढेच की आज गेलात तर ‘साडेतीन वर्षे देखभाल’ एवढेच घेऊन जाल, आणि सहा-सात महिन्यांनी गेलात तर अडकणारा रिपोर्ट कसा सोडवला हे घेऊन जाल. दोन्ही वेळी गाडी तीच असते.

मोठ्या प्रॉडक्ट कंपन्यांत जायचे असेल तर डीएसएची कोडी टाळता येणार नाहीत. त्या ती विचारतात, यावर माझे-तुमचे मत काही असो. पण त्याला परीक्षा समजा. अर्ज करण्याची तारीख आधी ठरवा, तिच्या आधीचे आठ-दहा आठवडे रोज एक तास एखाद्या मित्रासोबत ॲरे, स्ट्रिंग, हॅशमॅप, ट्री, ग्राफ एवढेच करा आणि परीक्षा झाली की थांबा. वर्षभर रोज थोडे थोडे करायची ही गोष्ट नव्हे. हिंजवडीतल्या मित्राचा पगार विचारण्याऐवजी त्याला तुमचे एखादे पान वाचायला द्या. ‘हे असे का नाही केलेस?’ असे विचारणारा एक माणूस त्यातून तुम्हाला नाशिकमध्ये बसूनही मिळेल.

अशीच पत्रे मला सिडकोतून, नाशिक रोडहून, ओझरहूनही येतात. घरी बसून पुण्याच्या कंपनीचे काम करणाऱ्या एका मुलीने लिहिले होते की तिला वापरकर्ते कधी दिसतच नाहीत. तिने ग्राहकांच्या तक्रारींची तिकिटे आठवड्यातून एकदा, आपल्या नसलेल्या कामाचीही, वाचायला सुरुवात करावी. टेस्टिंग करणाऱ्यांनी चूक नोंदवून न थांबता तिचे कारण शोधण्यासाठी डेव्हलपरशेजारी अर्धा तास मागून घ्यावा. ज्यांच्याकडे सध्या कामच नाही, त्यांनी ओळखीच्या दुकानदाराची किंवा घरच्या शेतीची खर्चाची वही उचलून तिचे काहीतरी बनवावे. चूक झाली तर काका ओरडतील एवढे तरी त्यात असते.

तुमच्यासाठी पुढचे काम असे. मालकांना सांगून शुक्रवारची दुपार या रिपोर्टसाठी मागून घ्या. ते देतील असे मला वाटते, कारण महिनाअखेरीचे फोन त्यांनाही येतात. रेंगाळणाऱ्या क्वेरी टिपून ठेवणारा मायएसक्यूएलचा स्लो क्वेरी लॉग आजच चालू करून ठेवा. आणि या महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी हाका सुरू झाल्या की रीस्टार्ट करण्यापूर्वी दोन मिनिटे सर्वांना थांबवा, ‘शो फुल प्रोसेसलिस्ट’ ही आज्ञा चालवा आणि कोणती क्वेरी किती सेकंदांपासून चालू आहे व कोण कोण कशासाठी ताटकळले आहे, ती यादी फाइलमध्ये उतरवून घ्या. मग खुशाल रीस्टार्ट करा. ती यादी पाहून काय दिसले, ते मला कळवा. ते मात्र कंसात नको.